चिंबोरोबाचं ताट

म्हात्रे सर जेवत असताना साक्षात ब्रह्मदेव दारात आला असता, तरी त्याला बाहेरच्या बाकावर बसावं लागलं असतं. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एकदा भर दुपारी एक गृहस्थ आपल्या दोन मुलींना घेऊन ॲडमिशनसाठी आले. सरांनी नुकता डबा उघडला होता. मी पडद्याआडून खूण केली, खाकरून पाहिलं, शेवटी आत जाऊन सरळ म्हटलं, "अहो सर, माणसं खोळंबलीत." सर भात कालवत शांतपणे म्हणाले, "त्यांना बसायला सांगावे, बाई. भरल्या ताटावरून उठायचे नसते."

आता पत्र्याच्या डब्याला ताट म्हणणारा हा एकच माणूस मी पाहिला. गृहस्थ काही थांबले नाहीत. सरांनी डबा शितासकट पुसून खाल्ला, हात धुतले, रुमालाची घडी घातली आणि मग विचारलं, "गेले का ते?" मी म्हटलं, "गेले. दोन्ही मुली घेऊन गेले." सर नुसते हसले. मला त्या हसण्याचा असा राग आला की दिवसभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. पनवेलला उरण नाक्याजवळ एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचा कारभार होता. पुढच्या खोलीत माझा टायपिंगचा क्लास, मागच्या खोलीत सरांचे कॉम्प्युटर. मालक ठाण्याला राहायचे आणि महिन्याकाठी तोंड दाखवायचे. माझ्या खोलीत पंखा घरघरत असायचा, मुली चपला घालून खडखड टाइप करायच्या. सरांच्या खोलीला मात्र एसी, गालिचा, जाड निळा पडदा आणि दाराबाहेर चपलांची ही रांग. धूळ गेली तर मशीन बिघडतं म्हणे. प्रत्येक कॉम्प्युटरवर सरांच्या बायकोने, सुनंदाने, शिवलेली झालरवाली कव्हरं. संध्याकाळी सर ती एकेक करून घालायचे, तेव्हा मी म्हणायची, "झाली का शेजारती?" त्यालाही ते हसायचेच.

सर मूळचे उरणजवळच्या करंज्याचे. वडील नाखवा, म्हणजे स्वतःच्या बोटीचे धनी. हे खांदे, हे मनगट. त्या बोटांनी कीबोर्डची बटणं दाबली की दोन-दोन एकदम दाबली जातील अशी भीती वाटायची. टेबलं आणि भिंत यांच्यामध्ये जागा इतकी अरुंद की त्यांना आडवं होऊन सरकतच जावं लागे. बोलणं मात्र छापील. "आपण बसावे", "मी आलोच", "हे असे करता येणार नाही". मी इतकी पुण्यात वाढलेली, पण माझं मराठी त्यांच्यापुढे गावठी वाटायचं. कॉलेजात असताना त्यांच्या 'हाय-नाय'ची पोरांनी नक्कल केली होती, तेव्हापासून म्हणे त्यांनी जीभ बदलून घेतली. चुकूनही कधी गावचा शब्द तोंडातून निघायचा नाही.

म्हणून तर तो खेळ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आश्चर्य वाटलं.

विद्यार्थी प्रोग्रॅमिंगला कंटाळतात म्हणून सरांनी फावल्या वेळात एक खेळ लिहिला होता. आजच्यासारखी चित्रं-बित्रं काही नाहीत. काळा पडदा, हिरवी अक्षरं, इंग्रजी लिपीत लिहिलेलं मराठी. त्यात आधी आपण कोण व्हायचं ते ठरवायचं: बोट हाकणारा तांडेल, वैदू, शिपाई किंवा भगत. मग मचव्यात बसून पनवेलच्या खाडीतून समुद्राकडे निघायचं, बेटावरचा दिवा आणायचा आणि गावाला उजेड द्यायचा. वाटेत पाकट मासा आडवा येतो, माकूळ शाई फेकतो, त्यांना मारत, चुकवत पुढे जायचं. मशीन गोष्ट सांगणार, आपण 'मार', 'पळ', 'घे', 'बोल' असा एकेक शब्द टाइप करणार.

आणि खाडीच्या अगदी तोंडाशी बसलेला असायचा चिंबोरोबा.

चिंबोरी म्हणजे खेकडा, हे कोकणच्या लोकांना सांगायला नको. हा भलामोठा, एक नांगी मोठी नि एक लहान, डोळे काड्यांवर. त्याच्याबद्दल मशीन दर वेळी हेच सांगायचं: "चिंबोरोबा वाट अडवून बसला आहे. त्याच्यासमोर ताट वाढलेले आहे. भातातून वाफ येत आहे." आणि मग चिंबोरोबा स्वतः बोलायचा. बाकी अख्खा खेळ सरांच्या छापील मराठीत, पण हा बोलायचा थेट करंज्याचं.

"कोन तू? सरल चालत आलास? सरल चालून कोन कुटं पोचलाय?"

तलवार उगारली की तो नांगीने तिचे दोन तुकडे करायचा नि म्हणायचा, "ही सुरी आमच्याकडं कोलंबी सोलाला पन नाय घेत." पळालं तर, "पल, पल. भरतीला हितंच येशील." कुणी हुशारी करून ताट उचलायला गेला तर, "ताट पलवतोस? आयशीनं कायच नाय शिकवलं तुला?" पोरं हसून हसून लोळायची. चिंबोरोबाकडून मार खायला दुसऱ्या बॅचची मुलं येऊन बसायची. माझ्या टायपिंगच्या मुलीसुद्धा पडद्याआड डोकावू लागल्या, तेव्हा मी सरांना सुनावलं. म्हटलं, "इतका विनोदी राक्षस ठेवलात तर त्याला मारावंसं कुणाला वाटेल?"

"मारावे असे त्यालाही वाटत नाही, बाई," सर म्हणाले.

"मग हरवायचा कसा?"

"तो हरायला बसलेलाच नाही."

मी कपाळाला हात लावला. पण एक गोष्ट मनात राहिली. या माणसाने स्वतःची बोली साऱ्या जगापासून लपवली, आणि दिली कुणाला, तर शत्रूला.

चिंबोरोबापुढे सगळ्यांत जास्त हरले ते देशमुख साहेब. ते एका बँकेत अधिकारी होते. बँकेत कॉम्प्युटर येणार अशी हवा होती आणि निवृत्तीच्या तोंडावर साहेबांना शिकायला पाठवलं होतं. स्वभावाने भला माणूस, पण शिस्तीचा. दर वेळी शिपाईच व्हायचे, आणि बँकेत व्हाउचर वाचावं तसं पडद्यावरचं अक्षर नि अक्षर मोठ्याने वाचायचे. "कोण तू? सरळ चालत आलास?" असं चिंबोरोबाचं बोलणं ते शुद्ध करून वाचायचे, त्याने तर आणखीच हसू यायचं. हरले की चष्मा काढून म्हणायचे, "म्हात्रे, ह्या प्राण्याच्या निर्मूलनाची काही प्रोसिजर असेल ना?" सर म्हणायचे, "आहे साहेब. फार सोपी आहे. म्हणूनच कुणाला सुचत नाही."

सरांचं दुखणं मला सुनंदाकडून कळलं. ती उरणकडचीच, मोकळी, बोलभांड बाई. सुकापूरला त्यांनी दोन खोल्या घेतल्या होत्या तिथून कधीमधी कव्हरं धुवायला न्यायला यायची. एकदा माझ्याजवळ बसली आणि सांगू लागली.

सरांची आई लवकर गेली. घरात दोघंच, बाप नि लेक. धर्मा नाखवा समुद्रावरून आला की स्वतः रांधायचा, लेकाला वाढायचा नि मग स्वतः बसायचा. एका नारळी पुनवेला, दर्याला नारळ देऊन आल्यावर, नाखव्याने भात नि कालवण केलं, दोन ताटं वाढली. जेवता जेवता म्हणाला, या वर्षीपासून तू बोटीवर ये. सर म्हणाले, मी येणार नाही, मला कॉम्प्युटर शिकायचा आहे. शब्दाने शब्द वाढला. आणि सर ताटावरून उठले. बापाने रांधलेल्या, वाफ येणाऱ्या भरल्या ताटावरून उठले आणि पिशवी घेऊन पनवेलला आले.

"बोटीवर नाय गेले त्याचा राग नाय हो आबांना," सुनंदा म्हणाली. "तो राग कवाच गेला. पन ताटावरून उठले ना. आमच्यात भांडान कितीबी करा, पयले जेवायचं, मंग भांडायचं. आबा बोल्ले, माज्या हातचं टाकून गेला, आता मी त्याच्या घरचं खानार नाय. आमच्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या, नि पानी पन न पिता गेले."

दर नारळी पुनवेला सर करंज्याला जायचे. नाखवा त्यांना पाहिलं की धक्क्यावर निघून जायचा. सर ओट्यावर बसून राहायचे आणि संध्याकाळी परत यायचे. म्हातारा आता थकला होता, डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. बाप एकदा आपल्या घरी दोन घास खाऊन जावा, एवढंच सरांना हवं होतं. तेवढं झाल्याशिवाय तो गेला तर काय, या धास्तीने ते आतून पोखरले होते. मला तो ॲडमिशनचा गृहस्थ आठवला आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. एकदा उठून जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. आता ब्रह्मदेव आला तरी हा माणूस उठणार कसा?

त्यानंतर काही महिन्यांनी नाखव्याच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पनवेलला झालं. नेण्या-आणण्याचं सगळं सुनंदाने केलं. सुनेशी म्हाताऱ्याचं वैर नव्हतं, फक्त तिच्या घरचं खायचं नव्हतं. पट्टी बदलून झाली त्या दिवशी दुपारी तिने युक्ती केली. उरणच्या एसटीला वेळ होता, ऊन मी म्हणत होतं. तिने सासऱ्याला आमच्या जिन्याशी आणलं.

"ह्ये घर नाय ना?" नाखव्याने खालूनच विचारलेलं मला ऐकू आलं.

"नाय आबा. हापीस हाय."

मग तो वर आला. उंच, वाळलेला, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, अंगात पांढरा सदरा. मी चहा मागवला तर म्हणाला, "चाय नको." मी म्हटलं, "अहो, चहा माझ्याकडचा आहे. तुमच्या मुलाचा काही संबंध नाही." त्याने माझ्याकडे एका डोळ्याने नीट पाहिलं आणि कप घेतला. मला तो म्हातारा एकदम आवडला.

मागच्या खोलीत गारवा आहे म्हणून सुनंदा त्याला तिकडे घेऊन निघाली. दारातली चपलांची रांग पाहून तो थबकला. "देव हाय का आत?"

"यंत्र आहे," मी म्हटलं, "पण त्याचं सोवळं देवापेक्षा कडक."

त्याने चपला काढल्या. पडदा बाजूला केला तर सर कोपऱ्यात एका मुलीला काही समजावत होते. बापाला पाहून ते उभेच राहिले. हातातलं पेन तसंच हातात. बापाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सुनंदाने त्याला खुर्चीत बसवलं, ती नेमकी देशमुख साहेबांच्या मागची. साहेब खेळात रंगले होते. त्यांना मागे कोण आलं याचा पत्ता नव्हता.

"चिंबोरोबा वाट अडवून बसला आहे," साहेबांनी मोठ्याने वाचलं. "त्याच्यासमोर ताट वाढलेले आहे. भातातून वाफ येत आहे." मग शुद्ध सदाशिवपेठी उच्चारांत, "कोण तू? सरळ चालत आलास? सरळ चालून कोण कुठे पोचलाय?"

नाखव्याची मान वर झाली. मी सरांकडे पाहिलं. ते आडवे सरकत साहेबांकडे यायला लागले, बहुधा मशीन बंद करायला, पण मध्ये पोरं बसली होती. साहेबांनी तोवर तलवार चालवली होती. "ही सुरी आमच्याकडे कोळंबी सोलायलापण नाही घेत," साहेब वाचत होते. "अरे वा. पुन्हा अपमान."

"असं नाय बोलत तो," नाखवा म्हणाला.

साहेब वळले. "कोण?"

"चिंबोरा. यवढा मोठा हाय नि तू त्याला भटजीवानी बोलवतोस. जोरानं बोल." आणि म्हाताऱ्याने खुर्चीत बसल्या बसल्या, वादळात दुसऱ्या बोटीला हाक द्यावी तशा आवाजात म्हटलं, "ही सुरी आमच्याकडं कोलंबी सोलाला पन नाय घेत."

पोरं खदखदून हसली. मीही हसले. मग एकेकाचं हसू थांबलं, कारण त्या आवाजात नि त्या शब्दांत इतकंही अंतर नव्हतं. शब्द त्याचेच होते, हे पोरांनाही कळलं.

"ह्ये कोनी लिवलंय?" नाखव्याने विचारलं.

सर मान खाली घालून उभे होते. चांगला पन्नास मुलांना दरारा वाटावा असा माणूस, पण त्या क्षणी मला त्यांच्याकडे बघवेना.

नाखव्याने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने साहेबांच्या खांद्यावर बोट ठेवलं. "मगाशी ताट बोल्लास ना तू? काय हाय ताटात?"

"भात आहे. वाफ येते आहे," साहेब म्हणाले. बँकेत कुणी खांद्यावर बोट ठेवलेलं त्यांनी चालवून घेतलं नसतं.

"मंग वाढलंय त्यानं, तर लढतोस कनाला? बस नी जेव."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. सरांनी वर पाहिलं नाही. साहेबांनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, 'जेव' असं टाइप केलं आणि बटण दाबलं.

इतके महिने तो खेळ चालला होता, पण पुढची अक्षरं आमच्यापैकी कुणीच पाहिली नव्हती. साहेबांनी वाचायला सुरुवात केली आणि या वेळी, देव जाणे कसं, त्यांनी शुद्ध केलं नाही. जसं होतं तसं वाचलं.

"बसलास? बरं जालं. भात कवाचा निवला. मीच पुन्ना पुन्ना ऊन करतंय. तू उठून गेलास, पन मी उठलू नाय. येशील म्हनून हितंच बसलूय."

त्याखाली एकच ओळ होती: "चिंबोरोबा बाजूला सरकला. वाट मोकळी आहे."

साहेब थांबले. चष्मा काढून पुसायला लागले. सुनंदाने पदर तोंडाला लावला होता. नाखवा पडद्याकडे बघत होता. त्याला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं, वाचताही येत नव्हतं. मग पट्टीखालून पाणी आलं ते त्याने सदऱ्याच्या बाहीने टिपलं. "डाक्टर बोल्ला हाय, डोल्याशी पानी येल," तो कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला.

तो उठला. दाराशी जाऊन चपला घातल्या. मला वाटलं, संपलं, निघाला एसटीला. सरांनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी टेबलाची कड धरली. नाखवा सुनेकडे वळून म्हणाला, "घरी काय रांधलंय?"

"भात नि सुक्या बोंबलाचं कालवन," ती कशीबशी म्हणाली.

"चल मंग. निवला असंल." आणि जिना उतरता उतरता, मागे न बघता, "त्याला पन घे."

सर तसेच निघाले. अनवाणी. चपला रांगेतच राहिल्या, त्या मी संध्याकाळी उचलून आत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सुनंदाला विचारलं, काय बोलले गं दोघं? ती म्हणाली, काही नाही. आबांनी ताट पुसून खाल्लं नि म्हणाले, मीठ कमी हाय. एवढंच. एवढ्यासाठी या बापलेकांनी किती वर्षं घालवली, या विचाराने माझा जीव नुसता चडफडला.

पुढे म्हातारा अधूनमधून सुकापूरला येऊ लागला. सर बोटीवर गेले नाहीत ते नाहीतच, पण सुट्टीच्या दिवशी करंज्याला जाऊन जाळी विणायला बसायचे. क्लासमध्ये रंगीत पडद्यांची नवी मशिनं आली, पोरं त्यावर गाड्या पळवायला लागली. एका पावसाळ्यात चिंबोरोबाच्या फ्लॉपीला बुरशी आली आणि खेळ गेला तो गेला. मी हळहळले. सर म्हणाले, "जाऊ द्यावे, बाई. ज्याच्यासाठी होता, तो खेळून गेला."

नव्वदीच्या शेवटी नाखवा वारला. दिवसकार्याला मी करंज्याला गेले. माझी टायपिंगची मशिनं एव्हाना भंगारात गेली होती आणि मीही घरीच बसले होते, त्यामुळे सर बऱ्याच दिवसांनी दिसणार होते. त्यांनी डोक्याचे केस उतरवले होते, हुबेहूब बाप. घर लहान, माणसं पुष्कळ, बाहेर ओट्यावर जाळ्यांचे ढीग. मी दोन शब्द बोलले, नाखव्याच्या फोटोला नमस्कार केला आणि उरणची एसटी गाठायची म्हणून निघाले. अशा घरी जेवायला कुठे थांबायचं, असं माझं आपलं शहरी गणित.

दार अरुंद होतं. सर त्यात आडवे उभे राहिले. दोन्ही हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना.

"सर, माझी एसटी चुकेल."

"एसटी दुसरी येल, बाय," ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सरल चालून कोन कुटं पोचलाय? पयले बस. जेव."

मी बसले. सुनंदाने वाढलं. सर माझ्या समोरच्या ओळीत, भिंतीशी बसले. त्यांच्यापुढे एक पान नाखव्याच्या नावाने वाढून ठेवलं होतं, भात, कालवण, सगळं.

जेवून, हात धुऊन, निरोप न घेता मी बाहेर पडले. ओट्याखाली चपला घालताना उघड्या दारातून आत पाहिलं. पंगत उठून गेली होती, बायका ताटं गोळा करत होत्या. सर एकटे भिंतीशी बसले होते. त्यांचं ताट पुसून लखलखीत झालं होतं, उष्टा हात केव्हाचा वाळला होता. समोरच्या पानातला भात तसाच होता, आणि ते उठले नव्हते.